डेरा बुगटी: 'आपले मराठे' शोधताना जो जिल्हा दिसतच नाही

जुना_तलाठी

नमस्कार मंडळी.

दर वर्षी १४ जानेवारी आली की पानिपताचा विषय निघतो आणि कुणीतरी पाकिस्तानच्या बलुचिस्तानातल्या बुगटी मराठ्यांचा, म्हणजे पानिपतावरच्या कैद्यांचे वंशज मानल्या जाणाऱ्यांचा, मजकूर पुढे पाठवतो. यंदा माझ्याकडे तो पाच गटांतून आला. पाचही ठिकाणी 'आपली माणसं तिकडे आहेत' एवढंच होतं. ती जिथं राहतात तो डेरा बुगटी जिल्हा कसा आहे, तिथं कारभार कोण करतं, पाणी कुठून येतं, पोरं कोणत्या भाषेत शिकतात, याबद्दल एक ओळ नव्हती. मला ते खुपलं, म्हणून हा धागा.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. नवा मुलूख वाचायला घेतला की माझे प्रश्न ठरलेले असतात. जमिनीची नोंद कोण ठेवतं, भांडण झालं तर माणूस कुणाच्या दारात जातो, आणि तिथं गेल्यावर कोणत्या भाषेत बोलतो.

आधी जागा सांगतो. सुलेमान डोंगररांगेचं दक्षिण टोक जिथं सिंधच्या मैदानाकडे उतरतं, तिथं हा जिल्हा आहे. पूर्वेला पंजाबचा राजनपूर, दक्षिणेला सिंधचे कश्मोर आणि जेकबाबाद, उत्तरेला मर्री या शेजारच्या बलुची टोळीचा कोहलू. क्षेत्रफळ साधारण १०,१६० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या साताऱ्याएवढं. माणसं मात्र २०२३ च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या थोडी वर. साताऱ्यात २०११ मध्येच तीस लाख होती. एवढ्यावरूनच कळतं की तिथं एका तहसीलदाराला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे काय काम असेल.

१९८३ मध्ये सिबीपासून वेगळा काढून हा जिल्हा केला. डेरा बुगटी, सुई, फेलावाग या तहसिली. शिवाय पीरकोह, लोटी, संगसिला, बैकर अशा उपतहसिली. वर डेप्युटी कमिशनर, मग असिस्टंट कमिशनर, तहसीलदार, नायब तहसीलदार, कानूनगो, पटवारी. आपल्याकडची उतरंड जाणणाऱ्याला यात काही नवं वाटणार नाही.

पण शेजारी दुसरी उतरंड उभी आहे, आणि ती या कागदाच्या उतरंडीपेक्षा फार जुनी आहे. बुगटी टोळीला तुमन म्हणतात, तिचा प्रमुख तुमनदार. तुमनात मोठ्या शाखा आहेत: रहेजा, मसूरी, कलपर, मोंदरानी, शंबानी, नोथानी. शाखांच्या पोटात फल्ल्या. तुमनदाराच्या हाताखाली वडेरे, मुकद्दम, मोतबर. हे शब्द वाचून मी थांबलो. मुकद्दम म्हणजे आपला मुकादम, मोतबर म्हणजे आपला मातब्बर. फारसी-अरबी कारभाराची ही भाषा दख्खनमध्येही आली आणि सुलेमानच्या डोंगरातही गेली. आपल्याकडे मुकादम ऊसतोडीच्या टोळीपुढे उभा राहिला, तिकडे तो खुनाच्या बदल्याची तडजोड करायला बसतो.

तुमनदारकी रहेजा शाखेकडे. नवाब अकबर बुगटी त्याच घराण्यातले. १९७३-७४ मध्ये बलुचिस्तानचे राज्यपाल, १९८९-९० मध्ये मुख्यमंत्री, आणि २६ ऑगस्ट २००६ रोजी कोहलूच्या डोंगरात लष्करी कारवाईत मृत्यू. २०२४ मध्ये मुख्यमंत्री झालेले सरफराज बुगटी याच जिल्ह्यातले, पण मसूरी शाखेतले. शाखा माहीत नसेल तर तिथल्या राजकारणाची बातमी वाचूनही काही हाती लागत नाही.

भाषेबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

मस्कतकर_सुहास

काका, उत्तम धागा. मी १४ वर्षं मस्कतला आहे. ओमानात बलुची लोक पिढ्यानपिढ्या आहेत. ग्वादर तर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडेच होतं, मग ते पाकिस्तानला विकलं गेलं. आमच्या गोदामात माझ्या शेजारी बसणारा सहकारी मूळचा मकरानचा, म्हणजे बलुचिस्तानच्या किनारपट्टीचा. डेरा बुगटीचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "ते डोंगरातले. त्यांची बलुची ऐकायला कान लावावा लागतो." तो पाण्याला 'आप' म्हणतो, बुगटी 'आफ' म्हणतात. त्याची रात्र 'शप', त्यांची 'शफ'.

त्याच्याकडून एक रीत कळली, ती इथं सांगण्यासारखी आहे. दोन बलुची भेटले की आधी 'हाल' घेतात. ही नुसती विचारपूस नव्हे. आलेल्याला रीतसर हाल विचारायचा, आणि त्यानं कुठून आलो, वाटेत काय पाहिलं, कोण वारलं, कुठं पाऊस झाला, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं क्रमानं सांगायचं. मधे तोडायचं नाही. मग यजमानानं आपला हाल द्यायचा. डोंगराळ, विरळ वस्तीत टपाल आणि वर्तमानपत्र दोन्हींचं काम यानं केलं. हा माणूस आजही शुक्रवारी फोनवर काकांना असाच हाल देतो, वीस-वीस मिनिटं. आपल्या 'हालहवाल'मध्ये तो हाल शिल्लक आहे, देण्याघेण्याची शिस्त गेली.

---

शब्दवेल

भाषेचं मी लिहिते, काका.

पहिली गोष्ट, मराठीत बलुची आणि ब्राहुई यांची फार गल्लत होते. ब्राहुई द्रविड कुळातली. तिचा प्रदेश कलात, मस्तुंग, खुजदार. बलुची इराणी कुळाच्या वायव्य शाखेतली, कुर्दीची नातलग. डेरा बुगटीत जवळजवळ सगळ्यांची मायबोली बलुची आहे. शहरी बाजारात सिंधी आणि सराईकी कानावर पडतात, कारण दोन्हींचे मुलूख हाकेच्या अंतरावर आहेत.

सुहासदादांनी दिलेलं 'आप' आणि 'आफ' हे पूर्व बलुचीचं, म्हणजे सुलेमानी बलुचीचं खास लक्षण. स्वरानंतरचा स्पर्शवर्ण (प, त असा) घासून उच्चारला जातो. वारा 'ग्वात'चा 'ग्वाथ' होतो, भाऊ 'ब्रात'चा 'ब्राथ' होतो, आणि तो 'थ' आपला नाही, जीभ दातांना लावून हवा सोडायची. शब्दाच्या सुरुवातीला उलट महाप्राण येतो: पाऊल मकरानात 'पाद', बुगटींकडे 'फाध'. आपल्या कानाला पाद, भ्राता, आप हे सगळं ओळखीचं वाटतं, पण ते इंडो-इराणी घराण्याचं जुनं नातं आहे. त्याचा पानिपताशी काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण असल्या शब्दांच्या याद्या 'मराठीचा पुरावा' म्हणून फिरतात.

'आई'चंही तेच. तिकडचे मराठे आईला 'आई' म्हणतात असं वाचायला मिळतं. म्हणतही असतील. पण कच्छ-सौराष्ट्रात देवीला आई म्हणतात, आई खोडियार आपण ऐकलेली असते. सिंधच्या सीमेवरच्या माणसाच्या तोंडी हा शब्द आला म्हणून तो पुण्याहूनच गेला असं होत नाही. नातं असेल तर त्याला याहून भक्कम आधार लागेल.

आता कचेरीतली भाषा. घरात बलुची, शाळेत आणि तहसिलीत उर्दू, वरच्या फायलीत इंग्रजी. मूल पहिलीत येतं तेव्हा मास्तर जे बोलतात ते त्याला कळत नाही. अकबर बुगटींच्या सरकारनं १९९० मध्ये कायदा करून प्राथमिक शाळांत बलुची, ब्राहुई आणि पश्तो आणल्या. दोन वर्षांत तो प्रयोग मागे पडला. पुढे २०१४ मध्ये मातृभाषा पुन्हा विषय म्हणून आणायचा कायदा झाला. पुस्तक कोणत्या बलुचीत लिहायचं हा प्रश्न मात्र उरतोच. छापील बलुचीवर क्वेट्टा आणि मकरान यांची छाप आहे, आणि 'आफ' म्हणणाऱ्या पोरानं पुस्तकात 'आप' वाचायचं. आपल्याकडे वऱ्हाडी किंवा मालवणी घरातल्या मुलाला पाठ्यपुस्तक परकं वाटतं, त्याच्या दसपट हे असेल.

---

दत्ताजींचा_मावळा

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमच्या घराण्यातले दोघे पानिपतावर गेले ते आलेच नाहीत. त्यांचे टाक अजून देवघरात आहेत, पितृपक्षात त्यांचं पान वाढलं जातं. अडीचशे वर्षांहून जास्त काळ आमच्याकडे 'ते कुठे गेले' हा प्रश्न उघडा आहे. त्यामुळे अब्दालीनं कैदी बलुचिस्तानातल्या कलात राज्याच्या नसीर खानाला दिले, त्यानं ते बुगटी-मर्रींत वाटले, हे ऐकलं की आम्हाला भरून येतं. शब्दवेल ताई, तुम्ही पुरावा मागता ते योग्यच. पण ज्यांच्या घरात ही पोकळी आहे त्यांना शोध घ्यावासा वाटतो, त्यात चूक काय?

---

जुना_तलाठी

मावळा, चूक काहीच नाही. तुमच्या घरच्या पानाबद्दल वाचून मीही थोडा वेळ गप्प बसलो.

मला दिसतं ते असं. नसीर खान नूरी अब्दालीचा मांडलिक मित्र होता. १७५८ च्या तहानं अब्दालीच्या बाहेरच्या मोहिमांत फौज देणं त्याच्याकडे आलं होतं. पानिपतानंतर कैद्यांचे तांडे पश्चिमेकडे गेले, हेही खरं. बुगटींत 'मराठा' नावाचा समूह आहे आणि त्यातले काही स्वतःला शाहू मराठा म्हणवतात. या दोन टोकांना जोडणारी कथा परंपरेनं आलेली आहे. ती मी खोटी म्हणत नाही. नाव असं उगाच टिकत नाही.

पण ही माणसं तिथं कशी गेली ते आठवा. बंदिवान म्हणून गेली. तुमनाच्या उतरंडीत ती वडेरा-मुकद्दमांच्या कितीतरी खाली, राबणाऱ्यांच्या जागी बसवली गेली. पिढ्या गेल्या, धर्म आणि भाषा बदलली, लग्नसंबंध आणि जमिनी तिथल्याच झाल्या. आज ती बुगटी आहेत. त्यांच्या अडचणी बुगटींच्या अडचणी आहेत, आणि बुगटींमध्येही तळाशी राहिलेल्यांच्या. 'शौर्याचा वारसा' एवढाच चष्मा लावला की ही खालची जागा दिसत नाही. माझी तगमग तिथं आहे. त्यांच्याविषयी आपल्याला खरंच माया असेल तर त्यांच्या गावच्या विहिरीची चौकशी आधी करायला हवी.

---

विंधणकर

काका, विहिरीचं म्हणालात म्हणून लिहितो. मी तेल-वायू क्षेत्रात आयुष्य काढलं. सुई हे नाव आमच्याकडे सगळ्यांना पाठ.

१९५२ मध्ये सुईला वायू सापडला, १९५५ मध्ये तो नळानं कराचीला गेला. पुढे पंजाबात. पाकिस्तानात घरगुती वायूला आजही 'सुई गॅस' म्हणतात, गावाचं नाव वस्तूला लागलं. आणि बलुचिस्तानची राजधानी क्वेट्टा? तिथं वायू पोचायला १९८० चं दशक उजाडलं. सुईच्या आसपासच्या वस्त्यांत बायका आजही लाकूडफाटा गोळा करतात, हे तिथल्या वार्ताहरांनी पुनःपुन्हा लिहिलंय.

यात कारभाराचा भाग असा. विहिरीच्या तोंडाशी वायूचा जो दर धरला जातो, त्यावर प्रांताला स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळतं. सुईचा दर जुन्या काळी ठरला आणि दशकानुदशकं नंतर सापडलेल्या इतर क्षेत्रांपेक्षा खाली राहिला. म्हणजे सगळ्यात आधी दिलं त्यांनाच सगळ्यात कमी मिळालं. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं खनिज वायूवर प्रांत आणि केंद्र यांची समान मालकी मान्य केली, पण तोवर सुईचे साठे बरेच उतरले होते.

दुसरी गोष्ट तुमच्या शाखांशी जोडलेली. वायूची जमीन मुख्यतः कलपरांची, तुमनदारकी रहेजांची. कंपनीनं भाडं आणि नोकऱ्या द्यायच्या कुणाच्या हातात? १९९२ मध्ये हे वैर रक्तावर गेलं. कलपरांचा एक पुढारी मारला गेला, मग क्वेट्टात नवाबांचा मुलगा सलाल. त्यानंतर कलपर आणि मसूरी कुटुंबांना वर्षानुवर्षं जिल्ह्याबाहेर राहावं लागलं. ती २००५-०६ च्या सुमारास सरकारच्या आधारानं परतली, आणि त्याच काळात नवाबांच्या बाजूची कुटुंबं परागंदा झाली. एकाच जिल्ह्यातली माणसं आळीपाळीनं निर्वासित.

पाण्याचं म्हणाल तर २०२२ च्या मे महिन्यात पीरकोहला कॉलऱ्याची साथ आली, हजारो आजारी पडले. दूषित तळ्यातलं पाणी, जे माणसंही पितात आणि गुरंही. पीरकोहलाही वायूक्षेत्र आहे. जमिनीखालून नळ शेकडो मैल जातो, आणि वर प्यायच्या पाण्याचा नळ नाही. हे मला पचत नाही.

---

खडूफळा

विंधणकर, हे माहीत नव्हतं. वाचून झोप उडाली.

काका, एक प्रश्न. भांडण झालं तर माणूस कुणाच्या दारात जातो, असं तुम्हीच सुरुवातीला म्हटलंत, मग त्याचं उत्तर राहूनच गेलं. तिथं पोलीस नाहीत का?

---

जुना_तलाठी

बरोबर पकडलंत बाई.

बलुचिस्तानात शहरांना 'अ' क्षेत्र म्हणत आले, तिथं पोलीस असत. बाकीचा अफाट मुलूख 'ब' क्षेत्र, तिथं लेव्ही असे. लेव्ही म्हणजे स्थानिक टोळ्यांतून भरलेलं दल, डेप्युटी कमिशनरच्या हुकमाखाली. हुद्दे ऐका: रिसालदार, दफेदार, हवालदार. मुशर्रफांच्या काळात हे दल पोलिसांत मिसळायचा प्रयत्न झाला, नंतर २०१० मध्ये कायदा करून लेव्ही पुन्हा उभी केली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा पोलिसांत मिसळायला घेतली. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. लेव्हीचा शिपाई गावचा, त्याला वाटा माहीत, भाषा माहीत, कुणाचं कुणाशी वैर तेही माहीत. पण तो ज्या शाखेचा, तिच्या वडेऱ्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडे घेऊन कोण जाईल?

ही व्यवस्था इंग्रज अंमलदार रॉबर्ट सँडमनची. तो पंजाबच्या बाजूला डेरा गाझी खानचा डेप्युटी कमिशनर होता. त्याचं सूत्र साधं: सरदाराला मानधन द्या, त्याच्या माणसांना घोडेस्वार म्हणून पगारावर घ्या, आणि टोळीतली शांतता राखायची जबाबदारी सरदारावर टाका. तंटे जिरग्यात, म्हणजे टोळीच्या पंचायतीत, मिटवायचे. इंग्रजांना स्वस्तात सीमा मिळाली. सरदार पूर्वी आपल्या माणसांच्या संमतीवर टिकून होता. पगार वरून सुरू झाल्यावर त्याला खाली बघायची गरज कमी झाली. माझ्या मते आजच्या निम्म्या दुखण्याचं मूळ तिथं आहे. पंतप्रधान भुट्टोंनी १९७६ मध्ये कायद्यानं सरदारी रद्द केली. कागदावर ती रद्दच आहे. पण जिरगा बसतो, खुनाचा मोबदला ठरतो, कारण दिवाणी दाव्याला वर्षं लागतात आणि जिरगा दोन दिवसांत उठतो. लांबलेल्या दाव्यांत पिचलेली कुटुंबं मी नोकरीत रोज पाहिली, त्यामुळे त्या माणसाला जिरगा का जवळचा वाटतो हे मला कळतं. बायकांना आणि तळच्या लोकांना त्यात आवाज नसतो, हेही तितकंच कळतं.

---

शब्दवेल

काका, एक जोडते. बलुची रीतीत 'बाहोट' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आश्रय मागून आलेला माणूस. त्याला दिलेला आश्रय मोडणं म्हणजे सगळ्या कुळाला डाग. डेरा बुगटीत पिढ्यानपिढ्या हिंदू व्यापारी राहत आले, बलुची बोलणारे, ते याच संरक्षणाखाली. १७ मार्च २००५ ला नवाबांच्या वाड्याच्या परिसरात तोफगोळे पडले तेव्हा शेजारच्या हिंदू वस्तीतली बरीच माणसं गेली, त्यात बायका-मुलं होती. आपल्याकडे 'बुगटी मराठा' शोधणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दिवसाबद्दल वाचलंय?

---

दत्ताजींचा_मावळा

मी वाचलं नव्हतं, ताई. खरं सांगतो.

काल रात्री आजोबांच्या वहीत पुन्हा पाहिलं. पानिपतापुढे काहीच नाही, फक्त दोन नावं आणि 'परत नाही'. यंदा पान वाढताना पीरकोहचं नाव मनात येईल, एवढं नक्की.

काका, या मुलखाचे इंग्रजकालीन कागद कुठं पाहायला मिळतील? मराठा समूहाची नोंद कारभाराच्या कागदांत कशी झाली, ते मला स्वतः वाचायचंय.

---

जुना_तलाठी

सुरुवात मुंबईतूनच करा. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे बुगटींची दक्षिण सीमा म्हणजे मुंबई सरकारचीच सीमा. जेकबाबादला नाव देणारा जॉन जेकब मुंबईच्या सैन्यातला, आणि त्याच्या सीमेवरच्या कारभाराचे अहवाल मुंबई सरकारनं छापलेले आहेत. डोंगराच्या पूर्वेकडून पंजाबचे अंमलदार बुगटींशी एका रीतीनं वागत, दक्षिणेकडून सिंधचे दुसऱ्या. १८७१ मध्ये पंजाबातल्या मिठनकोटला दोन्हीकडचे साहेब एकत्र बसले आणि मर्री-बुगटींचा व्यवहार सँडमनकडे द्यायचं ठरलं, पण सिंध सीमेच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. सिंधचा कमिशनर मेरवेदर आणि सँडमन यांचं पुढे कधी पटलं नाही. कराचीतला मेरवेदर टॉवर त्याच मेरवेदरच्या नावाचा.

एकाच टोळीवर दोन सरकारांचे दोन प्रकारचे कागद, म्हणजे ताडून बघायला मिळतं. तलाठ्याला याहून दुसरं काय हवं. सिबी जिल्ह्याचं १९०७ चं गॅझेटियरही सोबत ठेवा, मर्री-बुगटींचा मुलूख त्यात येतो. मिठनकोटच्या बैठकीवर मी वेगळा धागा काढतो, पाच-सहा दिवस द्या. सुहास, तोवर तुमच्या मकरानी मित्राला विचारून ठेवा, त्यांच्याकडे मोतबर कुणाला म्हणतात.